निकाली

मोठ्या बाबूंच्या मते जगात कागद हरवत नाही. तो दुसऱ्या गठ्ठ्यात जातो, एवढंच. हे त्यांनी मला नोकरीच्या पहिल्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि मी विसरेन अशी भीती वाटून पुढेही सांगत राहिले. देवळीच्या ज्या शाळेत मी कनिष्ठ लिपिक म्हणून लागले, तिथे ते मुख्य लिपिक होते. खरं नाव हजेरीपटावर होतं. बाकी गावात, शाळेत, बसस्टँडवर आणि माझ्या माहितीप्रमाणे घरीसुद्धा ते मोठे बाबूच.

मी सव्वीस वर्षांची होते. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेहून रोज बसने ये-जा करायची. कॉम्प्युटरचे दोन कोर्स केले होते आणि माज चार कोर्सांचा होता. मोठे बाबू शर्टाची गुंडी गळ्यापर्यंत लावून, बाह्या मनगटापर्यंत खाली सोडून मे महिन्यातही तसेच बसायचे. कूलरचं तोंड ते स्वतःकडे कधी वळवत नसत, कारण कागद उडतात. कॉम्प्युटर आला, कागद कमी झाले, तरी कूलर आपला भिंतीलाच थंड करत राहिला. मी एकदा तो आमच्याकडे वळवला तर म्हणाले, "त्याची सवय मोडू नको, पोरी."

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ई-मेलचं जे सॉफ्टवेअर होतं, ते वर्ध्याच्या कुण्या दुकानदाराने बसवून दिलेलं. उघडलं की डाव्या बाजूला इंग्रजी नावांची रांग दिसायची. इनबॉक्स, ड्राफ्ट्स, आउटबॉक्स, सेंट, जंक, डिलिटेड. ही खाती सॉफ्टवेअर आपलं आपणच घेऊन येतं आणि ती काढूनही टाकता येत नाहीत, हे मोठ्या बाबूंना पहिल्यापासून खटकत होतं. "आपण मांगितली का? नाई. घर आपलं अन् खोल्याइले नावं त्यानं ठेवली," असं ते म्हणत.

म्हणून त्या खोल्यांचं बारसं त्यांनी स्वतः केलं. पांढऱ्या कागदाची पट्टी कापली, आपल्या वळणदार अक्षरात नावं लिहिली आणि मॉनिटरच्या डाव्या कडेला अशी चिकटवली, की प्रत्येक मराठी नाव आपापल्या इंग्रजी नावासमोर यावं. इनबॉक्स म्हणजे आवक. ड्राफ्ट्स म्हणजे मसुदा. आउटबॉक्स म्हणजे जावक. सेंट म्हणजे पोहोचले. जंक म्हणजे निनावी. आणि डिलिटेड म्हणजे निकाली. पडद्यावरची खिडकी जराशी लहान केली की सगळी नावं एकेक घर सरकायची आणि मसुद्याची जावक व्हायची, म्हणून खिडकी लहान करायला ऑफिसात मनाई होती.

निकाली हा शब्द ज्यांनी सरकारी किंवा शाळेच्या कचेरीत दिवस काढले नाहीत, त्यांना सांगायला हवा. पत्र आलं, त्यावर कारवाई झाली, उत्तर गेलं, की ते पत्र निकाली निघालं. मग ते टेबलावरून उचलायचं, लाल कापडात बांधायचं आणि कपाटात ठेवायचं. निकाली म्हणजे संपलेलं, फेकलेलं नव्हे. उलट कचेरीत सगळ्यात जपायचा गठ्ठा तोच, कारण उद्या कुणी भांडायला आलं तर त्याच्या तोंडावर मारायला तोच लागतो. तर मोठे बाबू काम झालेल्या प्रत्येक मेलवर मोठ्या समाधानाने डिलिट दाबत, आणि तो मेल निकाली गठ्ठ्यात जाऊन पडे. नऊ वर्षं हे चाललं होतं.

मी पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, "बाबूजी, ही कचरापेटी आहे."

"कचरा कोठी लिवलं हाय?" त्यांनी चष्मा वर करून पडद्याजवळ तोंड नेलं. "डिलिटेड लिवलं. म्हंजे टेबलावरून काढलं. कपाटातून थोडीच काढलं."

"पण बाबूजी, सगळी दुनिया तिथे टाकाऊ गोष्टी टाकते."

"दुनियेचं दुनिया पाहीन. तू एक काम सांग. कोणताही जुना कागद सांग."

मी चार वर्षांपूर्वीचं, शाळेच्या विहिरीवरच्या मोटारीबद्दलचं एक पत्र सांगितलं. त्यांनी ते अर्ध्या मिनिटात काढून दिलं. वरून त्यांनी मला माझा कालचाच एक मेल काढायला सांगितला, आणि तो मला सापडेना. पण पटलं नाही ते नाहीच.

त्या सॉफ्टवेअरला एक खोड होती. संध्याकाळी ते बंद करायला गेलं की ते विचारायचं, डिलिटेडमधलं सगळं कायमचं काढून टाकू का? खाली यस आणि नो. मोठे बाबू रोज साडेपाच वाजता तो प्रश्न पूर्ण वाचत, मान हलवत, मोठ्याने "नाई बाप्पा" म्हणत आणि मग नो दाबत. सासुरवाडीच्या माणसाने जेवणाचा आग्रह करावा आणि जावयाने हात आडवा धरावा, तसा तो सोहळा रोज चाले. मी पाचच्या बसला निघत असल्यामुळे तो मला थोड्याच वेळा पाहायला मिळाला.

जंकचीही मोठी मौज होती. निनावी अर्ज कचेरीत कमी लेखायचा नसतो, त्यात कधीकधी खरं असतं, असा त्यांचा अनुभव. त्यामुळे जंकमधला प्रत्येक मेल ते वाचत आणि आवक रजिस्टरला नोंदवत. परदेशातल्या कुणीतरी आमच्या शाळेला लॉटरी लागल्याचं कळवलं होतं. रजिस्टरला त्याची नोंद आजही आहे. विषय, परदेशातून बक्षीस लागल्याबाबत. शेरा, माहितीस्तव सादर, कारवाईची आवश्यकता वाटत नाही. आधीचे मुख्याध्यापक न वाचता सही करणारे होते, त्यामुळे त्या बक्षिसाखाली त्यांची लपेटदार सहीसुद्धा आहे.

आउटबॉक्सने मात्र आम्हाला एकदा चांगलंच रडवलं. विद्यार्थ्यांच्या माहितीचा एक तक्ता वर्ध्याला पाठवायचा होता. मोठ्या बाबूंनी तो सोमवारी जावकमध्ये टाकला आणि गुरुवारी वर्ध्याहून फोन आला की तक्ता कुठे आहे. इंटरनेट चालू, पत्ता बरोबर, तरी तक्ता आपला जावकमध्ये ठाण मांडून. मी बाजूला बसून पाहत राहिले तेव्हा उलगडा झाला. मोठे बाबू दर तासाला जावकमधला तो मेल उघडून एकदा नजरेखालून घालत होते. आणि त्या सॉफ्टवेअरचं असं, की आउटबॉक्समधला मेल तुम्ही उघडला की ते समजतं, याला अजून काही बदलायचं आहे, आणि तो पाठवायचं रद्द करतं. मी हे सांगितलं आणि आता वाद होणार म्हणून कंबर कसली. ते म्हणाले, "म्हंजे निघालेल्याले मागून टोकू नाई, असंच ना? मंग हे पहिलेच सांगाले पाह्यजे होतं. हे तर आपल्या घरातलंच झालं." त्या दिवसापासून मेल जावकमध्ये टाकला की ते खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसत, पाच मिनिटं.

त्यांना दोन मुली. धाकटी पुण्याला नोकरीला. ती वडिलांना शाळेच्याच ई-मेलवर पत्र पाठवायची, कारण त्यांना दुसरा पत्ता नव्हता आणि फोनवर ते "हो, बरं, ठेव आता" याच्यापलीकडे बोलत नसत. एकदा तिने लिहिलं की बाबा, तुमचा खोकला कसा आहे. मी शेजारीच होते म्हणून उत्तर वाचलं. विषय, प्रकृतीबाबत. संदर्भ, आपले कालचे पत्र. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की खोकला कमी आहे. आपण जेवण वेळेवर घ्यावे. मी हसले. म्हटलं, पोरीला असं कुणी लिहितं का? ते गोरेमोरे झाले. म्हणाले, "मले एकच भाषा लिवता येते वं. बोलाची येगळी हाय, ते लिवता येत नाई." त्यानंतर मी त्यांच्या त्या पत्रांना हसले नाही.

आता माझ्या गुन्ह्याकडे येते. ते मी लांबणीवर टाकत होते हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल.

शाळेत नवे मुख्याध्यापक आले होते. वयाने चाळिशीतले, हुशार, आणि कागद वाचवायच्या नादाचे. त्यांनी आदेश काढला की ई-मेलवर आलेल्या पत्राची छापील प्रत काढू नये. मोठ्या बाबूंना आदेश आवडला नाही, पण आदेश निघाला की तो रद्द होईपर्यंत चालू असतो, असा त्यांचा धर्म. त्यामुळे दोन वर्षांपासून शाळेचा सगळा पत्रव्यवहार त्या एका कॉम्प्युटरच्या पोटात होता. मेल उतरवून घेतला की इंटरनेटवर त्याची प्रत उरायची नाही, अशीच त्या दुकानदाराची मांडणी होती. हे मला माहीत होतं.

एका बुधवारी दुपारी मला तीनच्या आत एक माहिती पाठवायची होती. कॉम्प्युटर इतका मंद झाला होता की अक्षर टाइप करावं आणि चहा पिऊन यावं, तोवर ते उमटणार. पडद्यावर सारखी सूचना येत होती, फाईल फार मोठी झाली आहे. मोठे बाबू घरी जेवायला गेले होते. मी डिलिटेडवर गेले आणि रिकामं करा हा पर्याय दाबला. सॉफ्टवेअरने विचारलं, नऊ हजारांवर मेल आहेत, कायमचे काढू का? मी यस दाबलं. चुकून नाही. रागाने आणि शहाणपणाने दाबलं. माझं म्हणणं एकदा सिद्ध व्हावं, हेही मनात होतं. हिरवी पट्टी सरकत सरकत संपली आणि कॉम्प्युटर खरोखर पळायला लागला. माहिती तीनला दहा कमी असताना गेली.

बाबूजी आले की सांगायचं, असं मी ठरवलं होतं. ते आले ते हातात डबा घेऊन. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, माझ्यासाठी गरम सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, पाठवली होती. "तुही काकू म्हणे, पोट्टी वर्ध्यावरून सकाळी कोरडं खाऊन निंगते." मी ती सांबारवडी खाल्ली. चारही तुकडे खाल्ले आणि काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा ते कॉम्प्युटरसमोर बसले होते. हात मांडीवर. पडद्यावर निकाली उघडं होतं आणि त्यात काही नव्हतं. मी दारातच थांबले. मला वाटलं, ते आता विचारतील आणि मी सांगेन. त्यांनी विचारलंच नाही. उठले, मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले, मी मस्टर घेऊन मागे. आणि तिथे उभं राहून ते म्हणाले, "सर, काल संध्याकाळी माह्या हातून यस दाबल्या गेलं. सारं निकाली गेलं."

त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. माझी परिवीक्षा संपायला चार महिने होते. नोकरी पक्की झाली नसती तर घरी काय सांगायचं, एवढंच डोक्यात आलं आणि मी मस्टर सरांपुढे ठेवून बाहेर आले. पुढे सगळं कळलं तेव्हा सरांनी मला अर्धा तास सुनावलं आणि सोडून दिलं. मी ज्याला भीत होते, ते एवढंच होतं.

सर त्या दिवशी मोठ्या बाबूंवर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते समजुतीने म्हणाले, "असू द्या बाबू. आता वय झालं तुमचं. होते असं." मोठ्या बाबूंनी मान हलवली. त्यांच्या निवृत्तीला अजून दोन वर्षं होती.

आठवडाभरातच त्या रिकाम्या गठ्ठ्याची गरज पडली. आमच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून एक ताई होत्या. माहेर-सासर दोन्ही वडनेरकडचं. सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून आमच्याच संस्थेच्या तिकडच्या शाळेत त्यांनी बदली मागितली होती, आणि ती मिळत आली होती. संस्थेने फक्त त्यांच्या नेमणुकीच्या मान्यतेचं पत्र मागितलं, सोमवारपर्यंत. ते पत्र मागच्या वर्षी ई-मेलने आलं होतं. ताईंकडे प्रत नव्हती. त्या मोठ्या बाबूंसमोरच मला म्हणाल्या, "मी काऊन ठेवू घरी? बाबूजीजवळ हाय म्हंजे हाय, असंच समजून राह्यलो आम्ही सारे." त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच तो मोठ्या बाबूंना लागला असावा. मला तर लागलाच.

त्यांनी दुपट्टा खांद्यावर टाकला. "चाल," मला म्हणाले. "आपली आवक गेली तर गेली. त्याइची जावक हाय ना."

आम्ही बसने वर्ध्याला गेलो. ज्या कचेरीतून पत्र आलं होतं, तिथल्या टेबलावर एक तरुण लिपिक होता, माझ्याच जातकुळीचा, घाईत असलेला. त्याने सेंट उघडलं, वर-खाली केलं, शोधाच्या चौकटीत ताईंचं नाव टाकलं आणि म्हणाला, "नाई दिसत, काका. गेलंच नसन इथून."

"आलतं आमच्याकडे," मोठे बाबू म्हणाले. "मी सोता निकाली काढलं."

"मंग इथं दिसलं असतं ना."

मोठे बाबू टेबलाला वळसा घालून त्याच्या खुर्चीमागे गेले. मला लाज वाटायला लागली, आता हे इथेही पट्टी चिकटवणार. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, अगदी तळाशी. "खाली घे अजून. अजून खाली. तिथं अजून एक सेंट राह्यते."

आणि होतं. वरच्या खात्याखाली एक सेंट, आणि पार तळाला, या कॉम्प्युटरवरची खाती असं लिहिलेल्या ओळीखाली, दुसरं सेंट. मध्ये कधीतरी सॉफ्टवेअर पुन्हा बसवलं की ते असा दुसरा संसार थाटतं, आणि काही पत्रं वरती जातात, काही खाली, कुणाला न सांगता. लिपिकाने तळाचं उघडलं. ताईंचं पत्र त्यात होतं. त्याच्यासोबत त्याच्याच कचेरीची आणखी शे-दोनशे पत्रं होती, जी गेली की नाही याबद्दल त्याला स्वतःलाच शंका होती.

"तुमाले कसं मालूम, काका?" त्याने विचारलं.

"दोन जावा हायेत त्या," मोठे बाबू म्हणाले. "एका घरात राह्यतात, अन् एकमेकीले बोलत नाईत. एकीले विचारून भागत नाई."

त्याने प्रत काढून दिली. मला इतका आनंद झाला होता की मी बसस्टँडवर त्यांना चहा पाजला. मला वाटलं, झालं, फिटलं. पत्र मिळालं, ताई वडनेरला जाणार, आता कबूल केलं काय आणि न केलं काय. माणूस स्वतःला किती लवकर माफ करतो, ते मी त्या चहाच्या कपात पाहिलं आहे. मोठे बाबू चहा हातात धरून बसले होते. तो निवला तरी प्यायले नाहीत.

ताईंची बदली झाली. त्यांनी पेढे वाटले. मोठे बाबू मात्र दिवसेंदिवस बिघडत गेले. कपाटाला कुलूप लावून जायचे आणि दारातून परत यायचे, पुन्हा ओढून पाहायचे. मला एखादी गोष्ट विचारायचे आणि मग थांबून, "हे मी तुले सकाळी विचारलंतं का?" असं विचारायचे. नसेल विचारलं तरी माझ्या चेहऱ्याकडे बघत राहायचे, मी खोटं बोलते की काय म्हणून. मॉनिटरची पट्टी त्यांनी काढून टाकली. मला वाटलं, नऊ वर्षांचे कागद गेले त्याचं दुःख आहे. रोज बसमध्ये मी उद्या सांगायचं वाक्य जुळवायची आणि रोज देवळीचा स्टँड आला की ते मोडायचं.

बरोबर तीन आठवड्यांनी, बुधवारीच, दुपारी त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज. आवक-जावकचं टेबल आणि कॉम्प्युटरचा प्रभार माझ्याकडे द्यावा आणि स्वतःला स्वेच्छेने निवृत्त होण्याची परवानगी मिळावी. "तारीख नाई टाकली अजून. तू पाह्य. काही राह्यलं असन तर सांग."

"काऊन पण, बाबूजी?" माझ्याही तोंडून त्यांचीच बोली आली.

ते दौतीच्या झाकणाशी चाळा करत बोलायला लागले. त्यांचे वडील शेतात राबणारे, गडी माणूस. साठीच्या आतच कधीतरी एकदा विहिरीवरची मोटार चालू ठेवून घरी आले आणि बंद केली म्हणून शपथ घेऊ लागले. सगळे हसले. पुढे दोन वेळा जेवायचे आणि जेवलोच नाही म्हणायचे. शेवटी शेवटी दारात उभे राहून आपल्या मुलाला विचारायचे, बाप्पा, तुम्ही कोण्या गावचे?

"त्यालेबी सुरुवातीले एवढंसंच झालतं," मोठे बाबू म्हणाले. "पोरी, मले यस दाबल्याचं आठवत नाई. त्याचं काही नाई, माणूस चुकते. पण मले त्या संध्याकाळी कॉम्प्युटरनं विचारल्याचंच आठवत नाई. रोजचं आठवते, त्या दिवसाचं नाई. कोरं हाय तिथं. मी रोज बसून पाह्यतो, अन् कोरंच राह्यते."

मी बसमध्ये जुळवलेली सगळी वाक्यं निरुपयोगी होती. मी म्हटलं, "बाबूजी, ते मी केलं."

त्यांना कळलं नाही.

"त्या बुधवारी दुपारी. तुम्ही जेवायला गेला होतात. मी रिकामं केलं. मुद्दाम केलं. नंतर तुम्ही एकही मेल निकाली काढला नाही, म्हणून संध्याकाळी तुम्ही बंद केलं, तेव्हा आत काही नव्हतं. रिकामं असलं की ते विचारतच नाही. त्या दिवशी त्याने तुम्हाला विचारलंच नाही, बाबूजी. म्हणून तुम्हाला आठवत नाही."

मी मान खाली घातली. रागाची वाट पाहत होते. तो यावा असं मला वाटत होतं.

"परत सांग," ते म्हणाले.

मी परत सांगितलं.

"विचारलंच नाई."

"नाही."

"म्हंजे जे झालंच नाई, ते मले आठवत नाई."

"हो."

त्यांनी चष्मा काढला आणि डोळे दोन्ही तळव्यांनी झाकले. खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं हसतात, पण नव्हते हसत. मी उठून दार लोटून घेतलं आणि तिथेच उभी राहिले. मी किती नीच वागले होते, ते मला त्या वेळी, त्या दाराशी, पहिल्यांदा नीट कळलं. मी नऊ हजार पत्रं घालवली म्हणून तीन आठवडे तोंड लपवत होते, आणि हा माणूस तीन आठवडे रोज आपल्या बापाकडे चालत चालला होता.

थोड्या वेळाने त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. "पहिल्याच दिवशी काऊन नाई सांगतलं वं?" एवढंच म्हणाले. आपला अर्ज ओढून घेतला आणि उभा-आडवा फाडला. मग माझ्यापुढे एक कोरा कागद सरकवला.

"लेखी दे."

मी पेन उचललं. "सरांच्या नावे ना?"

"सराचं तू अन् सर पाहून घ्या. हे मले दे. आता सांगतलं तसंच लिव. बुधवार, दुपार, मी जेवाले गेलतो, अन् संध्याकाळी त्यानं विचारलं नाई. साऱ्याइले समजन असं लिव. कचेरीची भाषा नको."

मी लिहिलं. सात-आठ ओळी झाल्या. खाली सही केली. त्यांनी ते दोनदा वाचलं, एक काना राहिला होता तो दाखवला, तो मी दिला. मग त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि आत जपून ठेवलेली एक चिठ्ठी बाहेर काढली. वहीच्या पानाचा तुकडा, बाईमाणसाच्या अक्षरात. वर त्यांचं पूर्ण नाव, खाली घरचा पत्ता, त्याखाली फोन नंबर.

"मी घरी बोललो होतो तुह्या काकूजवळ," ते म्हणाले. "तवापासून रोज सकाळी खिशात ठेवते. मी काही म्हणत नाई. तीबी म्हणत नाई."

ती चिठ्ठी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. माझ्या कागदाची नीट चार पदरी घडी केली आणि तिच्या जागी खिशात घातली. वरून दोनदा हात दाबून पाहिला. मग खुर्चीवरचा डबा घेतला, चपला घातल्या आणि घरी जायला निघाले. शाळा सुटायला अजून दोन तास होते.